न खणता ड्रेनेज लाईन दुरुस्त होते ती कशी

जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्यांना हा क्रम पाठ असतो. पाऊस लागला की नहाणीच्या जाळीतून पाणी उलटं यायला लागतं. मग चेंबरचं झाकण निघतं, बांबूची कामटी सरकवून तुंबलेलं मोकळं केलं जातं, आणि पंधरवड्यात पुन्हा तेच. शेवटी प्लंबर निकाल देतो, "लाईन गेली, खणायला लागेल." खणायचं म्हणजे पेव्हर ब्लॉक उखडायचे, पार्किंग बंद, कडेच्या झाडाची मुळं तोडायची, आणि खणताना पाण्याची नाहीतर गॅसची लाईन फुटली तर ती भानगड वेगळी.

यातली बरीच कामं न खणताही होतात. जुनी नळी जमिनीत आहे तशी ठेवायची आणि तिच्या आत, तिलाच साचा करून, नवी नळी तयार करायची. तिचं पूर्ण नाव 'क्युअर्ड-इन-प्लेस पाईप', म्हणजे जागेवरच घट्ट झालेली नळी. आपल्याकडचे ठेकेदार नुसतं 'लायनिंग' म्हणतात. एरिक वुड या इंग्रज गृहस्थाने १९७१ मध्ये लंडनच्या एका जुन्या विटांच्या मलवाहिनीत हा प्रयोग पहिल्यांदा केला. त्याचं अमेरिकी पेटंट १९७७ चं. ते १९९४ मध्ये संपलं आणि मग ही पद्धत सगळ्यांना खुली झाली. मुंबईत महापालिकेनेही जुन्या मलवाहिन्यांसाठी ती वापरली आहे.

माहितीपत्रकांवर या कामापुढे 'पर्यावरणपूरक' असा शिक्का असतो. तो निम्मा खरा आहे. खोदकाम टळलं की डंपरच्या फेऱ्या, राडारोडा, नवं काँक्रीट आणि डांबर हे सगळं वाचतं, झाडही वाचतं. पण आत जी नवी नळी तयार होते ती खनिज तेलापासून बनलेल्या रसायनाची असते, आणि ते रसायन घट्ट होताना वाफ, वास आणि दूषित पाणी बाहेर पडतं. तेव्हा काम जबाबदारीने झालं की नाही हे रस्ता शाबूत राहिला यावरून ठरत नाही. वाफ कुठे सोडली, पाणी कुठे ओतलं आणि उपसलेला गाळ कुठे टाकला, यावरून ते ठरतं. कामाचा एकेक टप्पा बघताना आपण हे तीन प्रश्न हाताशी ठेवू.

आधी लाईन बिघडते कशी ते समजून घेणं बरं. जुन्या इमारतींची लाईन बहुधा चकाकत्या तपकिरी स्टोनवेअरची असते. दोन-तीन फुटांचे तुकडे सिमेंटने जोडलेले. जमीन थोडी खचली की सांधा उकलतो. पिंपळ, वड, उंबर यांची केसाएवढी मुळं त्या फटीतून ओलाव्याकडे शिरतात, आत जाऊन झुपके करतात आणि जाड होत होत फट रुंदावतात.

काँक्रीटच्या मोठ्या वाहिन्यांचा शत्रू वेगळा. मैलापाणी साचून राहिलं की त्यात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. तो वर चढतो, आणि छताच्या ओलाव्यात राहणारे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. म्हणून अशी नळी तळाकडून नाही, छताकडून झिजते, आणि वरून कोणाला पत्ता लागत नाही. जपानमध्ये टोकियोजवळच्या याशिओ शहरात २८ जानेवारी २०२५ रोजी भर चौकात रस्ता खचून एक ट्रक खाली गेला. खाली १९८३ च्या सुमाराची मोठी मलवाहिनी फुटली होती. आसपासच्या सुमारे १२ लाख लोकांना सांडपाणी कमी सोडा, अशी विनंती करावी लागली.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. नळाचं पाणी ठरावीक वेळीच येतं. पाणी बंद झालं की पाण्याच्या लाईनमधला दाब उतरतो, आणि तिला बारीक चीर असेल तर बाहेरचं पाणी ती आत ओढते. शेजारी गळकी ड्रेनेज लाईन असेल तर ते पाणी कसलं असेल हे सांगायला नको. कावीळ आणि जुलाब यांची साथ एखाद्याच गल्लीत पसरते तेव्हा हे कारण आधी तपासावं.

आता कामाकडे. पहिला टप्पा धुण्याचा. जोरदार दाबाच्या पाण्याने, म्हणजे जेटिंगने, लाईन साफ करतात. मुळं कापायला पुढे फिरती पाती किंवा साखळी लावतात. मोठ्या शहरांत उपसलेलं पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या रिसायकलर गाड्या आहेत. मिळत असेल तर तीच मागवावी, नाहीतर टँकरचं चांगलं पाणी गटारात जातं. निघालेला गाळ आवाराच्या कोपऱ्यात किंवा शेजारच्या नाल्यात ढकलला जाऊ नये. तो महापालिकेने ठरवलेल्या जागीच जावा, आणि हे कामाच्या आदेशात लिहावं.

चेंबरमध्ये माणूस उतरवण्याचा विषयही इथेच येतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा गुन्हा आहे, आणि तो सोसायटीच्या कमिटीलाही लागू होतो. 'दोन मिनिटांचं काम आहे' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवावं. ज्या वायूने काँक्रीट खाल्लं जातं तोच वायू माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतो, आणि प्रमाण वाढलं की त्याचा वासच येईनासा होतो. गटारात मृत्यू झाल्यास किमान ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. न खणता दुरुस्तीची सगळी यंत्रणा वरून चालते. हा तिचा मोठा गुण आहे, आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

दुसरा टप्पा कॅमेऱ्याचा. चाकांवरचा किंवा लांब सळीच्या टोकावरचा कॅमेरा या चेंबरपासून त्या चेंबरपर्यंत फिरवतात. पडद्यावर अंतर मीटरमध्ये उमटतं, आणि दोषाची जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात. १२ म्हणजे छत, ६ म्हणजे तळ. '७.४ मीटर, ११ ते १ मध्ये तडा' असं अहवालात दिसलं तर दचकू नये. छताला तडा आहे, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

फसगत बहुतेक इथे होते. लाईन न धुता कॅमेरा घातला की पडद्यावर गढूळ पाणी तेवढं दिसतं, आणि ठेकेदार सरसकट पूर्ण लायनिंगचा भाव देतो. आपण मूळ व्हिडिओ मागून घ्यावा. नुसती छापील पानं पुरत नाहीत. पाच-दहा मीटर तरी डोळ्यांखालून घालावेत. सांधे, मुळं, घरांकडून येणारे जोड हे सगळं नवख्या डोळ्यालाही कळतं.

तिसरा टप्पा निर्णयाचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. लायनिंग जुन्या नळीच्या अंगाबरोबर जातं. नळीचा आकार आणि मार्ग जसा आहे तसाच नव्या नळीला मिळतो. म्हणून ज्या लाईनचा उतार बिघडलाय, मधेच पोट पडून पाणी साचतंय, तिथे लायनिंग करून उपयोग नाही. तडे बुजतील, मुळं थांबतील, पण साचणारं पाणी साचतच राहील आणि पुन्हा तुंबेल. व्हिडिओत कॅमेरा मधेच पाण्यात बुडून पुढे पुन्हा वर आला तर समजावं की तिथे पोट आहे. तेवढा तुकडा खणावाच लागतो. तो खणून घ्यावा आणि उरलेलं न खणता करावं. नळी पार कोसळली असेल आणि कॅमेराच पुढे जात नसेल, तरीही तेच.

उलट, ३० मीटरच्या लाईनीत एकच सांधा उकललेला असेल तर अख्ख्या लाईनीला नवं अस्तर कशाला? तेवढ्या जागी हात-दीड हात लांबीचं ठिगळ बसतं. फायबर ग्लासच्या कापडाला रसायन लावून, फुगणाऱ्या रबरी नळकांड्यावर गुंडाळून आत नेतात, हवा भरून भिंतीला दाबून धरतात आणि घट्ट झाल्यावर नळकांडं काढून घेतात. यासाठीची काही सिलिकेट रेझिन साध्या तापमानाला घट्ट होतात. वाफ नको, गरम पाणी नको. पैसेही कमी आणि प्रदूषणही कमी. मात्र ठेकेदाराला त्यात फारसं सुटत नाही, त्यामुळे हा पर्याय आपणच विचारावा लागतो.

नळीचा व्यासच अपुरा असेल तर 'पाईप बर्स्टिंग' असतं. शंकूच्या आकाराचं डोकं जुनी नळी आतून फोडत पुढे जातं आणि मागोमाग नवी एचडीपीई नळी ओढली जाते. दोन टोकांना खड्डे लागतात, शेजारच्या लाईन फार जवळ असतील तर धोका असतो. आणि मोठ्या वाहिन्यांसाठी जपानमध्ये विकसित झालेली एक पद्धत आहे, जिच्यात प्लॅस्टिकची पट्टी आतल्या आत गोल गुंडाळत नेऊन नळी करतात. तिला उष्णता लागत नाही आणि थोडं पाणी वाहत असतानाही काम चालतं. सोसायटीच्या लाईनीला ती कामाची नाही.

लायनिंगच ठरलं, तर चौथा टप्पा पाणी वळवण्याचा. वरच्या चेंबरमध्ये फुगणारा रबरी बूच लावतात आणि येणारं मैलापाणी पंपाने पुढच्या चेंबरमध्ये टाकतात. पुढच्या म्हणजे ड्रेनेजच्याच. पावसाच्या पाण्याच्या गटारात नव्हे. ते गटार प्रक्रिया केंद्राकडे जात नाही, थेट नाल्यात आणि तिथून नदीत किंवा खाडीत जातं. पंप लहान पडला, रात्री डिझेल संपलं, की पाईप हळूच त्या गटारात सोडला जातो. म्हणून दुसरा पंप तयार ठेवायला सांगावा, आणि सभासदांना त्या दिवशी कपडे धुणं आणि आंघोळी आटोपशीर घ्या, अशी सूचना आदल्या दिवशी लावावी.

पाचवा टप्पा अस्तर भिजवण्याचा. पॉलिस्टरच्या जाड फेल्टची, म्हणजे नमद्याची, लांब पिशवी असते. तिच्यातली हवा शोषून घेऊन आत रेझिन, म्हणजे पुढे दगडासारखं घट्ट होणारं चिकट रसायन, हार्डनर मिसळून ओततात. मग रूळांमधून दाबून ते सगळीकडे सारखं पसरवतात. कुठे कोरडा पट्टा राहिला तर नवी नळी तिथेच कच्ची.

आपल्या हवेत इथे एक अडचण आहे. रेझिन उष्णतेने घट्ट होतं, आणि मे महिन्यात टेम्पोच्या हौद्यातली उष्णता त्याला पुरेशी असते. कारखान्यात भिजवलेलं अस्तर बर्फात किंवा शीतपेटीच्या गाडीतून आणलं पाहिजे. साइटवर पोहोचेपर्यंत ते कडक व्हायला लागलं असेल तर ते टाकूनच द्यावं लागतं, आणि अशा वेळी 'चालून जाईल' म्हणण्याचा मोह फार होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामाला उत्तम. जमीन कोरडी, हवा थंड.

सहावा टप्पा पाहण्यासारखा असतो. उलटी झालेली सदऱ्याची बाही आपण सुलटी करतो, तसं हे अस्तर आत सरकतं. पिशवीचं तोंड चेंबरवर पक्कं बांधतात आणि मागून हवेचा किंवा पाण्याचा दाब देतात. दाबाने पिशवी आतून बाहेर उलटत पुढे पुढे जाते. रेझिनने भिजलेली बाजू जुन्या भिंतीला चिकटते आणि प्लॅस्टिकचा गुळगुळीत पापुद्रा आतल्या बाजूला येतो. भिंतीवर घासत ओढायचं नसल्याने ते फाटत नाही. दाब कमी पडला किंवा पिशवीचं माप मोठं निघालं तर सुरकुत्या पडतात, आणि तळाशी पडलेल्या सुरकुतीत पुढे कचरा अडकतो. म्हणून व्यास आधी दोन-तीन ठिकाणी मोजून घेतला का, हे विचारावं. कागदावरची '६ इंची' लाईन प्रत्यक्षात तेवढीच असेल असं नाही.

सातवा टप्पा घट्ट करण्याचा, आणि पर्यावरणाचा खरा प्रश्न इथे आहे. तीन मार्ग आहेत. आत गरम पाणी फिरवायचं, वाफ सोडायची, किंवा अतिनील प्रकाशाच्या, म्हणजे यूव्हीच्या, दिव्यांची माळ आतून ओढत न्यायची.

नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं. फायबरच्या टाक्या बनवतात त्या शेडजवळून जाताना जो उग्र, गोडसर वास येतो तो त्याचाच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं. वाफेच्या कामात चेंबरमधून जो पांढरा लोट निघतो त्याला कामगार 'नुसती वाफ' म्हणतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी तो लोट गोळा करून तपासला, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांगितलं की त्यात सेंद्रिय रसायनांची वाफ आणि अर्धवट घट्ट झालेल्या रेझिनचे कणही असतात. त्याआधी व्हर्जिनिया राज्यात पावसाच्या पाण्याच्या मोऱ्यांना असं अस्तर घातल्यावर तपासणी झाली होती. काही ठिकाणी पाण्यात स्टायरीन सापडलं ते तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त.

तेव्हा आपण काय करावं? जमत असेल तर यूव्ही घ्यावं. त्यात फायबर ग्लासचं अस्तर कारखान्यातच भिजवून, स्टायरीन अडवणाऱ्या पापुद्र्यात बंद होऊन येतं. गरम पाणीही नाही आणि वाफही नाही. दिवे मिनिटाला साधारण एक मीटर सरकतात आणि काम दिवसात आटोपतं. वास अजिबात येत नाही असं नाही, टोकं कापताना येतोच. पण खूपच कमी. दुसरा पर्याय स्टायरीन नसलेलं, उदाहरणार्थ इपॉक्सी, रेझिन मागण्याचा. ते महाग पडतं. माझं मत विचाराल तर इमारतीला लागून असलेल्या लाईनीला हा जादा खर्च करावा. इथे वाफेला जायला जागा नसते. ती वर जाते, म्हणजे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात.

गरम पाण्याचा मार्ग घेतला तर ते पाणी पूर्ण थंड होऊ द्यावं लागतं, आणि त्यात स्टायरीन उतरलेलं असतं. ते पावसाच्या गटारात, बागेत किंवा बोअरवेलच्या आसपास सोडू नये. महापालिकेच्या ड्रेनेजमध्ये सोडायचं तर परवानगी घेऊन. सोसायटीचं स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेल तर तिथे ते मुळीच नको. त्या टाकीतल्या जिवाणूंच्याच जिवावर केंद्र चालतं. कापलेले तुकडे आणि उरलेलं रेझिनही भंगारवाल्याच्या कामाचं नसतं, ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही. ते ठेकेदारानेच परत न्यावं.

आणि एक साधी गोष्ट प्रत्येक घराने करायची. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागात, पाणी साठलेलं असतं. तेच ड्रेनेजचा वायू घरात येऊ देत नाही. न वापरलेल्या बाथरूममध्ये, बंद फ्लॅटमध्ये ते वाळून जातं. मग वाफ थेट घरात शिरते. कामाच्या आदल्या रात्री घरातल्या प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये, बाल्कनीच्या मोरीत तांब्याभर पाणी ओतावं, आणि कुलूपबंद फ्लॅटच्या किल्ल्या मागवून तिथेही. ज्यांना दमा आहे, घरात तान्हं बाळ आहे किंवा कोणी गरोदर आहे, त्यांनी तो दिवस नातेवाइकांकडे काढला तर चांगलंच. वास आलाच तर खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावं आणि काम थांबवायला सांगावं.

आठव्या टप्प्यात बंद झालेले जोड उघडतात. अस्तर सलग असल्याने घरांकडून येणाऱ्या नळ्यांची तोंडंही त्याने झाकलेली असतात. आतून रोबोटचा कटर नेऊन ती कापतात. एखादा जोड उघडायचा राहिला तर त्या घराचं पाणी परत त्याच घरात. म्हणून पहिल्या व्हिडिओवरून जोडांची यादी करावी, मीटरसकट, आणि काम झाल्यावर प्रत्येक घरातून बादलीभर पाणी सोडून चेंबरमध्ये ते पोहोचतंय का ते बघावं. कापलेल्या तोंडाची कडा घासून गुळगुळीत केली पाहिजे, नाहीतर कापूस आणि केस तिथेच अडकतात. टोकांना, जुन्या आणि नव्या नळीच्या मधल्या फटीत, पाणी लागताच फुगणारी रबरी पट्टी बसवली आहे का, हेही विचारावं. ती नसेल तर मुळं आणि भूजल त्याच फटीतून पुन्हा वाट काढतात.

नव्या अस्तराने व्यास थोडा घटतो. ६ इंची लाईनीत अस्तराची जाडी काही मिलिमीटर असते. पण सांधे नसतात आणि आतली बाजू गुळगुळीत असते, त्यामुळे पाणी वाहायला बहुधा अडचण येत नाही. पन्नास वर्षं टिकेल असं ठेकेदार सांगतो. अभियंते जाडीचा हिशोब पन्नास वर्षं धरून करतात हे खरं. पण करारात हमी किती वर्षांची लिहिली आहे ते वाचावं. दोन आकड्यांत बरंच अंतर निघतं.

भाव मीटरवर सांगितला जातो, पण यंत्रं आणण्याचा खर्च लाईन लहान असली तरी तेवढाच. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र काम काढलं तर दर खाली येतो. काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ, जोडांची यादी आणि लाईनीचा नकाशा सोसायटीच्या दप्तरी घ्यावा.

आणि शेवटचा हप्ता लगेच देऊन टाकू नये. अस्तरात कुठून पाणी झिरपतं हे उन्हाळ्यात कळत नाही, जमीन भिजल्यावरच कळतं. एक पावसाळा जाऊ द्यावा, ऑगस्टमध्ये कॅमेरा पुन्हा फिरवून घ्यावा, ही अट करारातच टाकावी, आणि आत थेंब दिसला नाही तरच चेक फाडावा.